सार्डिनियाचे समुद्रकिनारे: आईला घेऊन दहा दिवस (माहिती, अनुभव, प्रश्न)

शेवंती

गेल्या सप्टेंबरात आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि सोलापूरहून आलेली माझी आई, दहा दिवस सार्डिनियाला जाऊन आलो. आल्यापासून तीन-चार जणींनी निरोप पाठवून विचारलं, म्हणून सगळं एकदाच इथे लिहिते. ज्यांनी हे बेट पाहिलंय त्यांनी भर घाला, माझं चुकत असेल तिथे सांगा.

सार्डिनिया हे भूमध्य समुद्रातलं सिसिलीच्या खालोखाल मोठं बेट. इटलीचा स्वायत्त प्रदेश. किनारा साधारण १,८५० किलोमीटर. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर हे आपण शाळेत पाठ केलेलं, त्यावरून अंदाज येईल. तेव्हा "दहा दिवसांत सगळे बीच" हा विचार निघण्याआधीच सोडा. आम्ही चार रात्री वायव्येला आल्गेरोत, चार पूर्वेला सांता मारिया नावारेझेत आणि दोन दक्षिणेला काल्यारीत राहिलो. तरी ईशान्येचा अख्खा भाग राहिला, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

पहिला मोठा दिवस ला पेलोझाचा. आल्गेरोहून गाडीने तासाभरावर स्तिंतीनो गाव, त्याच्या पुढच्या टोकाला हा किनारा. समोर एक छोटं बेट, त्यामागे आसिनारा नावाचं मोठं बेट, आणि एका खडकावर सोळाव्या शतकातला टेहळणीचा बुरूज. दोन बेटांच्या आडोशामुळे शांत दिवशी तिथे लाट अशी येतच नाही. बारीक पांढरी वाळू, आणि बरंच आत चालत गेलं तरी पाणी कमरेच्या वर चढत नाही.

माझी आई ६८ वर्षांची. तिने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर. तेव्हापासून आजवर ती पावलं भिजवण्यापलीकडे गेली नव्हती. लाट पायाखालची वाळू ओढून नेते ते तिला सहन होत नाही, घेरी येते. पेलोझाला ती नातीचा हात धरून आधी घोट्यापर्यंत गेली, मग गुडघ्यापर्यंत, आणि मग दोघी चालतच राहिल्या. पंजाबी ड्रेस घातलेली आई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून स्वतःची पावलं बघत होती. पाणी इतकं नितळ की पायातली जोडवी दिसत होती. मला हाक मारून म्हणाली, "अगं, विहिरीसारखं गार आहे, पण तळ दिसतोय." मी किनाऱ्यावर बसून रडले, हे लिहायला मला काही वाटत नाही.

आता तिथले नियम. उन्हाळ्याच्या हंगामात दिवसाला १,५०० लोकांनाच प्रवेश आहे. आधी ऑनलाइन नोंदणी करायची, तिकीट साडेतीन युरो, बारा वर्षांखालच्या मुलांना माफ. टॉवेल थेट वाळूवर पसरता येत नाही, खाली चटई लागते. ओल्या टॉवेलला वाळू चिकटते आणि माणसागणिक मूठभर वाळू किनाऱ्याबाहेर जाते, म्हणून. वाळूवर सिगारेट ओढायलाही बंदी. मनगटाला पट्टा बांधतात. चटई गावातल्या दुकानातच घ्या, किनाऱ्याजवळ महाग पडते.

पूर्वेकडचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, लेकीला शाळेतून आणायची वेळ झाली.

गुहागरी

शेवंतीताई, आईंचं वाचून बरं वाटलं. माझी आजी जन्मभर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहिली, पण पाण्यात कधी उतरली नाही.

एक विचारतो. आमच्याकडे भरती-ओहोटी बघितल्याशिवाय कुणी पाण्यात जात नाही. तिकडे ते कोष्टक कुठे मिळतं? आणि पाणी इतकं निळं कसं, हे कुणी नीट समजावून सांगेल का? फोटोत रंग वाढवतात असंच मला इतके दिवस वाटत होतं.

नील_खाडी

गुहागरी काका, मी चार वर्षं इटलीत शिकायला होतो, सार्डिनियाला तीनदा गेलोय, त्यातली एक खेप अभ्यासाच्या कामाची.

भरती-ओहोटी तिथे जवळजवळ नाहीच. भूमध्य समुद्र जिब्राल्टरच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीनेच महासागराला जोडलेला आहे, त्यामुळे सार्डिनियाला पाण्याची पातळी वीस-तीस सेंटिमीटरच वरखाली होते. मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरची भरती येते. तुम्ही सकाळी जिथे चटई टाकाल तिथेच ती संध्याकाळी कोरडी सापडेल. म्हणून तिकडे कोष्टक कुणी विचारत नाही, वारा विचारतात. वाऱ्याचं खाली लिहितो.

रंगाचं म्हणाल तर तो खराच आहे. आपल्या कोकणात पश्चिम घाटावरून पावसाळाभर नद्या गाळ आणतात. त्या गाळावर आणि त्यातल्या पोषक द्रव्यांवर पाण्यातलं सूक्ष्म जीवन वाढतं, त्यावर मासळी. आपलं पाणी गढूळ दिसतं, पण ते भरलेलं असतं. भूमध्य समुद्रात पोषक द्रव्यं कमी, म्हणून पाण्यात तरंगणारं फारसं काही नसतं आणि प्रकाश खोलवर जातो. खाली पांढरी वाळू असली की पोपटी-निळा रंग दिसतो, खोल झालं की गडद निळा. पाणी आपल्या समुद्रापेक्षा थोडं जास्त खारट आहे, त्यामुळे अंग जरा सहज तरंगतं. शेवंतीताईंच्या आईंना पुढच्या वेळी पाठीवर तरंगायला शिकवा.

गुहागरी

"आपलं पाणी गढूळ दिसतं, पण ते भरलेलं असतं." हे वाक्य मी नातवाला सांगणार आहे. धन्यवाद.

शेवंती

नील, छान सांगितलंस. आता पूर्व किनारा.

ओरोझेईच्या आखातात चुनखडीचे उंच कडे सरळ समुद्रात उतरतात आणि त्यांच्या बेचक्यात छोटे छोटे किनारे आहेत. तिथे प्रत्येक नावाआधी "काला" लागतं, म्हणजे असा कड्यांच्या कुशीतला किनारा. काला लूना, काला सिसिने, काला मारियोलू, काला गोलोरित्झे. गाडीरस्ता यांतल्या बहुतेकांना थेट पोचतच नाही. बोटीने जायचं, नाहीतर डोंगर उतरून.

बोटी उत्तरेला काला गोनोनेहून सुटतात, दक्षिणेला सांता मारिया नावारेझे आणि आर्बाताक्सहून. आम्ही चौघं सांता मारियाहून दिवसभराच्या बोटीने गेलो. बोट नाक किनाऱ्याला लावते आणि अरुंद फळीवरून उतरायचं असतं. खलाशी हात देतात, पण गुडघेदुखी असलेल्यांनी समुद्र शांत असेल त्याच दिवशी जावं. मारियोलूला वाळू नाही, गुळगुळीत पांढरे-गुलाबी गोटे आहेत. रबरी चपला हव्यातच. नावाची गोष्ट लेकीला फार आवडली: जाळ्यातले मासे पळवणाऱ्या सीलला कोळी "मारियोलू" म्हणजे चोर म्हणायचे. ते सील आता तिथे दिसत नाहीत.

तिथे आईने एक गोटा उचलून पर्समध्ये टाकला, देवघरात ठेवायला. लेकीने बोटीवरचा फलक वाचला होता. ती आजीला म्हणाली, "आजी, हा त्यांचा आहे." आई काही क्षण तशीच उभी राहिली, मग तिने तो गोटा पाण्यात धुतला, कपाळाला लावला आणि होता तिथे ठेवून दिला. वाळू, गोटे, शिंपले यांतलं काहीही नेणं सार्डिनियात गुन्हा आहे. २०१७ च्या प्रादेशिक कायद्याप्रमाणे ५०० ते ३,००० युरो दंड होतो.

काला गोलोरित्झेला बोट लागत नाही, ठरावीक अंतरावर थांबते. चालतच जावं लागतं. बाउनेई गावावरच्या गोल्गो पठारावर सू पोर्तेद्दू इथे गाडी लावायची आणि साडेतीन किलोमीटर उतरायचं. पठार चारशे मीटरहून उंच आहे, म्हणजे परत येताना तेवढं चढायचं. दिवसाला २५० माणसं, सात युरो, आधी नोंदणी, बंद बूट सक्तीचे. आई गावातच थांबली, आम्ही तिघं सकाळी सातला निघालो. वाट जुन्या ओक आणि कॅरोबच्या झाडांतून जाते, मध्ये धनगरांच्या जुनिपरच्या लाकडाच्या झोपड्या लागतात. राजगड-तोरणा केलेल्यांना उतार अवघड नाही. पण परतीला दुपारचं ऊन डोक्यावर येतं आणि वाटेत पाणी विकत मिळत नाही. माणशी दोन लिटर न्याच.

खाली पोचल्यावर उजव्या हाताला समुद्रातून आलेली दगडी कमान, डोक्यावर १४३ मीटर उंच सुळका आणि समोर हे पाणी. किनारा १९६२ साली दरड कोसळून तयार झालाय. माझ्या आईहून पाच वर्षांनी लहान! तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग मला ताई म्हणायला सांग त्याला."

मंदार_कोथरूड

लेख छान, पण एक खटकलं. समुद्राला तिकीट? माणसं मोजून आत सोडायची? समुद्र कुणाच्या मालकीचा नसतो. माझे आईवडील नोंदणी वगैरे करू शकत नाहीत, त्यांनी मग जायचंच नाही का? पैसे भरून निसर्ग बघायची सवय लागली की उद्या हरिहरेश्वरलाही दार बसेल.

अनघा_प

मंदार, नोंदणीचा मुद्दा पटतो. वयस्कर लोकांना खरंच त्रास होतो, आणि त्यासाठी फोनवरून किंवा गावातल्या कार्यालयात जागा राखायची सोय असायला हवी. पण सगळ्या १,८५० किलोमीटरला तिकीट नाहीये ना? शेवंतीने लिहिलेत ते मोजके, सगळ्यात नाजूक किनारे.

शेवंती

बरोबर, अनघा. तिकीट मोजक्याच किनाऱ्यांना आहे. बाकी सगळीकडे जाऊन बसा. इटलीत किनाऱ्याचे दोन भाग असतात: एक छत्र्या-खुर्च्या भाड्याने देणाऱ्यांचा, दुसरा मोकळा, "स्पियाज्जा लिबेरा". पाण्याच्या कडेकडेने चालायला तर कुणीच अडवू शकत नाही.

मंदार, तुमच्यासारखंच मलाही आधी वाटलं होतं. पण पेलोझाला दुपारी दोन वाजतासुद्धा आईला वाळूवर निवांत आडवं होता आलं. पाण्यात पाय टाकल्यावर चार मासे येऊन घुटमळले. दोन युरोचा चहा आपण विमानतळावर सहज पितो, मग साडेतीन युरोचं तिकीट मला जड वाटलं नाही.

गुहागरी

मंदारराव, मी या बाबतीत शेवंतीताईंच्या बाजूने आहे, आणि ते कोकणातला माणूस म्हणून. माझ्या लहानपणी आमच्या सुरूच्या बनापुढे वाळूचे उंचवटे होते, त्यांवर समुद्रवेल पसरलेली असायची. आम्ही तिच्या जांभळ्या फुलांच्या माळा करायचो. आता शनिवार-रविवारी वाळूवर चारचाकी फिरवतात, चाकं रुतली की ट्रॅक्टर बोलावतात. वेल गेली, उंचवटे बसले, आणि दर पावसाळ्यात पाणी बनाच्या मुळाशी येतं. कुणी मोजून सोडलं असतं तर मला चाललं असतं. तिकीट काढून गेलो असतो.

मंदार_कोथरूड

काका, हे वाचून गप्प बसलो. गाड्यांचं मी स्वतः पाहिलंय. मालकीचा मुद्दा मी सोडत नाही, पण तो मी वाळूच्या बाजूनेही मांडायला हवा होता.

नील_खाडी

वाळू उचलण्याचं प्रकरण तिथे किती गंभीर आहे ते सांगतो. २०१९ मध्ये एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत पोर्तो तोर्रेस बंदरावर चाळीस किलो वाळू सापडली, प्लास्टिकच्या चौदा बाटल्यांत भरलेली. दक्षिणेच्या किया किनाऱ्यावरची. पश्चिमेला सिनिस द्वीपकल्पावर इस आरुतास नावाचा किनारा आहे, तिथली वाळू म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढे क्वार्ट्झचे गोल कण, पांढरे, गुलाबी, किंचित हिरवट. ओंजळीत घेतले की इंद्रायणी तांदूळ धुवायला घेतल्यासारखे वाटतात. हे कण लोकांनी इतकी वर्षं बाटल्यांतून नेले. ते पुन्हा तयार व्हायला लागणारा काळ माणसाच्या आयुष्यात मोजता येत नाही.

आणि बुदेल्लीचा गुलाबी किनारा. ईशान्येला ला मद्दालेना द्वीपसमूहात. वाळूचा गुलाबी रंग एका सूक्ष्म कवचधारी जीवाच्या चुऱ्यामुळे येतो. हा जीव पाण्याखालच्या गवतावर राहतो, मेल्यावर त्याचं कवच लाटांबरोबर किनाऱ्याला लागतं. लोक पिशव्या भरभरून नेऊ लागले, रंग फिका पडला. नव्वदच्या दशकात तिथे पाय ठेवायला बंदी झाली ती आजही आहे. बोट लांबून दाखवते, बस्स.

त्या बेटावर माउरो मोरान्दी नावाचे गृहस्थ राहायचे. १९८९ मध्ये त्यांची नाव बिघडली आणि ते बुदेल्लीला लागले. तिथल्या राखणदाराची निवृत्ती जवळ आली होती. मोरान्दींनी ते काम घेतलं आणि २०२१ पर्यंत, म्हणजे ३२ वर्षं, एकट्याने तो किनारा सांभाळला. कचरा उचलायचे, कुणी वाळूवर उतरलं तर समजावून परत पाठवायचे. जानेवारी २०२५ मध्ये ते गेले. मी बोटीतून तो किनारा पाहिला, उतरलो नाही, आणि तीन खेपांतलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते तेच.

सुमनमावशी

नील, फार सुंदर लिहिलंस रे बाळा.

ते "पाण्याखालचं गवत" काय असतं? आम्ही माल्टाला गेलो होतो तेव्हा किनाऱ्यावर तपकिरी पानांचा नुसता खच पडला होता. मला वाटलं, कुणी साफच करत नाही.

नील_खाडी

मावशी, तेच ते! पोसिडोनिया. माझा आवडता विषय, म्हणून थोडं लांबवतो.

ते शेवाळ नाही. मुळं, खोड, पानं, फुलं, फळं सगळं असलेली खरी वनस्पती आहे, आणि ही जात फक्त भूमध्य समुद्रात वाढते. स्वच्छ पाणी असेल तर चाळीस मीटर खोलीपर्यंत तिची कुरणं असतात. माशांची पिल्लं तिथे वाढतात, गाळ तिच्या पानांत अडतो म्हणून पाणी नितळ राहतं. शरद ऋतूत जुनी पानं गळतात आणि किनाऱ्यावर त्यांचे थर साचतात. हिवाळ्यातल्या वादळांत लाटा त्या थरांवर आदळतात आणि खालची वाळू वाचते. ते उचलून नेलं तर पुढच्या वर्षी किनारा अरुंद होतो. तपकिरी खच दिसला की समजायचं, समोरचा समुद्र निरोगी आहे.

तिची वाढ मात्र अतिशय मंद, वर्षाला काही सेंटिमीटर. पर्यटकांच्या बोटी तिच्यावर नांगर टाकतात आणि उचलताना गुच्छच्या गुच्छ उपटून येतात. सार्डिनियात लहान मोटरबोट परवान्याशिवाय भाड्याने मिळते. घेतलीत तर नांगर टाकायच्या आधी खाली बघा: फिकट दिसतंय तिथे वाळू, गडद दिसतंय तिथे गवत. फिकट जागीच टाका.

सुमनमावशी

म्हणजे मी तेव्हा त्या खचाला नाकं मुरडली, आणि तोच किनारा राखत होता. बरं झालं विचारलं.

खडीसाखर

आमचा जूनमध्ये विचार चाललाय. दोघंही शाकाहारी, अंडंही नाही. नवरा पुण्याहून येणार, त्याचं लायसन्स भारतीय. खाण्याचे हाल होतील का? आणि जून ठीक आहे की सप्टेंबरच बघावा?

शेवंती

खडीसाखर, खाण्याचे हाल अजिबात नाहीत. पूर्वेच्या ओल्यास्त्रा भागात "कुलुर्जोनेस" मिळतात. बटाटा, पुदिना, लसूण आणि मेंढीच्या दुधाचं चीज भरलेली उकडलेली पारी. आणि मुरड! आपण करंजीला घालतो तशी, पण गव्हाच्या ओंबीसारखी दोन्ही बाजूंनी. आमच्या घरमालकीणबाईंनी आईला शिकवलं, आईने त्यांना मोदकाच्या कळ्या पाडून दाखवल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दीड तास स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. विचारूनच घ्या, काही घरी पारीत अंडं नसतं, काही घरी असतं. आणि चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते) असतं, तुम्हाला ते चालत नसेल तर टोमॅटोचा साधा पास्ता, भाजलेली वांगी, "पाने काराझाऊ" ही पापडासारखी कुरकुरीत भाकरी आहे. ती धनगर महिना-महिना सोबत नेत असत. गोडात "सेआदास": तळलेल्या पुरीत चीज, वरून मध.

गावात दुपारी एक ते चार-पाच दुकानं बंद असतात. डबा करून निघा.

गाडी घ्यायची असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढूनच त्याला यायला सांग, मूळ लायसन्ससोबत तो लागतो. अनामत रकमेसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. आमच्या पुढे रांगेत एक कुटुंब होतं, कार्ड बायकोच्या नावाचं आणि गाडी नवरा चालवणार. त्यांना तासभर उभं राहून शेवटी गाडी मिळाली नाही. मुलं रडवेली झाली होती, फार वाईट वाटलं. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा.

जून चांगला आहे. दिवस मोठा, गर्दी जुलै-ऑगस्टपेक्षा बरीच कमी. फक्त जूनच्या सुरुवातीला पाणी गार असतं, वीस-एकवीस अंश. सप्टेंबरात उन्हाळाभर तापलेलं असतं. ऑगस्टचा मधला पंधरवडा मात्र टाळाच, अख्खी इटली तेव्हा सुट्टीवर असते.

गुहागरी

आमच्यासारख्या मत्स्याहारी लोकांचं काय? ते कुणी लिहीतच नाही.

नील_खाडी

काका, तुमच्यासाठी काब्रास गाव. तिथे खाजणात बोय मिळतात, त्यांची गाबोळी मीठ लावून, दाबून, वाळवतात. "बोत्तार्गा" म्हणतात. पास्त्यावर किसून घालतात. तोंडात टाकल्यावर मला थेट आमच्या मालवणच्या घरच्या सुकटीच्या डब्याचा वास आठवला, परदेशात पहिल्यांदाच. शिवाय "फ्रेगुला", म्हणजे रव्याच्या भाजलेल्या गोळ्या, तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांबरोबर शिजवतात.

आणि वाऱ्याचं राहिलं होतं. माएस्त्राले हा वायव्येचा वारा सुटला की दोन-तीन दिवस थांबत नाही. त्या दिवसांत पेलोझा, इस आरुतास विसरा, पूर्वेला जा, तिथे डोंगरांच्या आडोशाने समुद्र शांत असतो. आग्नेयेचा सिरोक्को सुटला तर उलट करायचं. तिथले लोक सकाळी उठून आधी वारा बघतात, मग किनारा ठरवतात. म्हणून सगळ्या नोंदण्या महिनाभर आधी करून ठेवू नका, एखाददुसरा दिवस मोकळा असू द्या. वाऱ्याच्या दिवशी बुडण्याचा धोका जास्त असतो. लाल बावटा असेल तर पाण्यात नाहीच. तटरक्षक दलाचा क्रमांक १५३०, एरवी ११२.

अनघा_प

ईशान्येचा श्रीमंतांचा भाग, कोस्ता स्मेराल्दा, तो आगाखानांनी वसवला ना?

सुमनमावशी

हो, चौथे आगाखान, प्रिन्स करीम. १९६२ पासून. पुण्यात ज्या आगाखान पॅलेसला आपण शाळेची सहल घेऊन जातो, तो त्यांच्या आजोबांनी १८९२ मध्ये बांधला आणि १९६९ मध्ये याच प्रिन्स करीम यांनी तो देशाला दिला. येरवड्याची ती वास्तू आणि भूमध्य समुद्रातला तो किनारा एकाच माणसाच्या हातून गेले, हे मला कळलं तेव्हा फार गंमत वाटली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते वारले.

शेवंती

मावशी, हे मला माहीत नव्हतं! आईला आजच सांगते, ती पुण्यात शिकायला असताना तिथे गेलेली आहे.

काल्यारीबद्दल लिहायचं राहिलं. पोएत्तो हा शहराचाच किनारा, सुमारे आठ किलोमीटर लांब, सिटी बसने जाता येतं. सुंदर किनाऱ्यांच्या याद्यांत तो वरचा नसतो. पण आईला विचाराल तर सगळ्यात आवडला तो हाच. सकाळी सातला गावातल्या सत्तरीच्या बायका गुडघाभर पाण्यातून रांगेने चालतात, गप्पा मारत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. पहिल्या दिवशी आई बाकावर बसून बघत होती. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकीने हात केला आणि आई ओढणी कमरेला खोचून त्यांच्यात गेली. मागच्या खाजणात रोहित पक्षी असतात, ते थव्याने डोक्यावरून गेले तेव्हा सगळ्या थांबल्या. आमच्याकडे उजनीला येतात की हे, असं आई त्यांना मराठीतच सांगत होती.

खडीसाखर

(जूनअखेर) आम्ही जाऊन आलो! ठरल्याप्रमाणे कळवते.

गाडी घेतली नाही, शेवटी सासूबाईही आल्या आणि त्यांना घाटरस्त्यांची भीती वाटते. काल्यारीतच राहिलो. पोएत्तोला शहर बस, आणि उन्हाळ्यात एआरएसटीच्या लाल-निळ्या... रंग नक्की आठवत नाही, पण एसटीसारख्याच प्रादेशिक बस विल्लासिमियुसला आणि कियाला जातात. तिकीट आधी तंबाखूच्या दुकानातून घ्यायचं. तिसऱ्या दिवशी माएस्त्राले सुटला, नीलचं आठवलं, कियाचा बेत रद्द करून पूर्वेच्या विल्लासिमियुसला गेलो. पाणी परातीत ओतल्यासारखं स्थिर.

कुलुर्जोनेस तीनदा खाल्ले, प्रत्येक वेळी अंड्याचं विचारून. सासूबाईंनी मुरड बघून "ही आपल्या साताऱ्याकडची" असं जाहीर केलं.

पाण्यात त्या उतरल्या नाहीत. पाऊल बुडेल इथवर खुर्ची ठेवून बसल्या आणि तीन तास तिथून हलल्या नाहीत. निघताना चपला काढून पायांची वाळू नीट झटकली, पिशवीही उलटी करून झटकली.

शेवंती

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ लिहून ठेवली असशील तर टाक, आई मेमध्ये पुन्हा येतेय.